‘सिस्टर, सलाइन संपलं!’ : नर्सचं काम नेमकं काय, आणि ते कसं बदलत गेलं

कुठल्याही वॉर्डात दिवसभर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच असावं. त्या वाक्यातच आपली नर्सबद्दलची समजूतही दिसते: बाटली बदलणारी, इंजेक्शन टोचणारी, डॉक्टर सांगतील ते करणारी बाई. मग २०२२ मध्ये बाह्यस्रोतांमार्फत होणाऱ्या भरतीविरोधात राज्यातल्या सरकारी परिचारिका संपावर जातात, केंद्र सरकारच्या रुग्णालयांत ‘स्टाफ नर्स’चं पदनाम ‘नर्सिंग ऑफिसर’ होतं, २०२३ मध्ये संसद या व्यवसायासाठी नवा कायदा करते, आणि वाचणाऱ्याला प्रश्न पडतो की बाटली बदलण्यात ऑफिसर होण्यासारखं काय आहे?

म्हणून सुरुवात त्या बाटलीपासूनच करू.

४२ थेंबांचा हिशोब

डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं: ५०० मिलि सलाइन, ४ तासांत. बाटलीवर वेळेचं बटण नसतं. नळीला एक पारदर्शक चेंबर असतो, त्यात थेंब पडतात, आणि खाली एक रोलर असतो, तो सरकवून वेग कमी-जास्त करायचा. आपल्याकडच्या साध्या ड्रिप सेटमधून साधारण २० थेंबांत १ मिलि जातं. म्हणजे ५०० मिलि म्हणजे १०,००० थेंब. चार तास म्हणजे २४० मिनिटं. भागाकार केला की मिनिटाला साधारण ४२ थेंब येतात. नर्स घड्याळाकडे बघत चेंबरसमोर उभी असते तेव्हा हेच मोजत असते.

आता यात चुकतं कुठे ते पाहा. लहान मुलांसाठी वापरतात त्या मायक्रो सेटमधून ६० थेंबांत १ मिलि जातं. सेट बदलला आणि थेंब तेवढेच ठेवले, तर तीच बाटली चारऐवजी जवळपास बारा तास चालेल. उलटं झालं तर तिप्पट वेगानं पाणी शरीरात जाईल. रुग्णानं कोपर वाकवलं की वेग मंदावतो, हात सरळ केला की वाढतो, त्यामुळे एकदा लावून निघून जाता येत नाही. आणि नातेवाईक ‘लवकर संपू दे’ म्हणून हळूच रोलर सोडतात, हा तर रोजचाच प्रकार. हृदय किंवा किडनी कमकुवत असलेल्या माणसाच्या फुफ्फुसात त्यामुळे पाणी साठू शकतं आणि रात्री त्याला श्वास लागतो.

इन्सुलिनचंही तसंच. आपल्याकडच्या बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा १ मिलिमध्ये ४० युनिटचं असतं, त्याची सिरिंज लाल टोपीची. पेनमधल्या काडतुसात १ मिलिमध्ये १०० युनिट असतात, त्या ताकदीची सिरिंज नारिंगी टोपीची. घाईत काडतुसातलं औषध लाल टोपीच्या सिरिंजनं २० च्या खुणेपर्यंत ओढलं, तर रुग्णाला २० नव्हे, ५० युनिट जातात. साखर धडाधड खाली येते. हे टाळायला डॉक्टर तिथे नसतात, ज्याच्या हातात सिरिंज आहे त्यालाच ते दिसावं लागतं.

‘सिस्टर’ कुठून आली?

आपण वापरतो त्या हाकांमध्येच या व्यवसायाचा इतिहास दडलेला आहे. ‘सिस्टर’ हा शब्द ख्रिस्ती जोगिणींचा. युरोपात शतकानुशतकं आजाऱ्यांची शुश्रूषा मठांमधून होत आली. ती पुण्यकर्म होती, नोकरी नव्हती. ‘मेट्रन’ म्हणजे घरची कर्ती, वडीलधारी बाई, चाव्या आणि नोकरचाकर जिच्या ताब्यात ती. सरकारी मराठीनं यांना अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी नावं दिली. स्टाफ नर्स ती अधिपरिचारिका, वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर ती परिसेविका आणि मेट्रन ती अधिसेविका. कागदावर ही नावं पक्की आहेत, पण वॉर्डात अजूनही सिस्टर, ब्रदर, मावशी आणि मामा. यातले मावशी-मामा नर्स नसतात, तो सफाईचा आणि उचल-ठेवीचा वेगळा वर्ग. ही गल्लत फार होते आणि त्यावरून भांडणंही होतात.

दिवा नव्हे, गटार

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की हातात दिवा घेतलेली बाई डोळ्यांसमोर येते. त्या चित्रानं नर्सिंगचं थोडं नुकसानच केलं आहे. नोव्हेंबर १८५४ मध्ये त्या ३८ बायकांना घेऊन क्रिमियाच्या युद्धातल्या जखमींसाठी तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोहोचल्या. जेवण, कपडे, अंथरूण यांत सुधारणा झाली, पण हिवाळ्यात मृत्यू वाढतच गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्युदर सुमारे ४२ टक्क्यांवर गेला होता. इमारत तुंबलेल्या गटारांवर उभी होती. मार्चमध्ये लंडनहून आलेल्या स्वच्छता आयोगानं गटारं उपसली, पाण्याचे मार्ग मोकळे केले, भिंतींना चुना दिला, हवा खेळती केली. जूनपर्यंत मृत्युदर सुमारे २ टक्क्यांवर उतरला.

नाइटिंगेलबाईंचं मोठेपण माझ्या मते पुढे आहे. युद्धानंतर त्या आकडेवारी घेऊन बसल्या आणि सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी जास्त मेले, हे त्यांनी चक्राकार आलेखातून दाखवलं. म्हणजे आपल्याच इस्पितळातल्या मृत्यूंचा हिशोब त्यांनी जगासमोर मांडला. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावानं प्रशिक्षण शाळा सुरू झाली: ठराविक मुदत, वॉर्डातलं शिक्षण, लेखी नोंदी. त्या भारतात कधीच आल्या नाहीत, पण इथल्या लष्करी छावण्यांतून प्रश्नावल्या भरून मागवल्या. त्यातून गोऱ्या सैनिकांचा मृत्युदर वर्षाला हजारी ६९ असल्याचं पुढे आलं. छावणीत सांडपाणी कुठे जातं आणि पिण्याचं पाणी कुठून येतं, यावर त्यांनी पानंच्या पानं लिहिली.

त्यांच्या पद्धतीची एक बाजू मात्र पुढच्या पिढ्यांना जड गेली. नर्स म्हणजे स्त्रीच, तिनं वसतिगृहात राहायचं, शिस्तीत वागायचं, डॉक्टरांपुढे नम्र असायचं, हे सगळं त्या साच्यातूनच आलं. नर्सिंगला आदर मिळाला, पण त्यासोबत आज्ञाधारकपणाही गळ्यात पडला.

आपल्याकडे नर्स इतक्या कमी का होत्या?

मुंबईत बायकांसाठी बायकांनीच चालवलेलं कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झालं, आणि तिथल्या डॉ. इडिथ पीची यांनी नर्सचं प्रशिक्षणही सुरू केलं. नर्सिंगच्या इतिहासात बाई काशीबाई गणपत यांचं नाव १८९१ मध्ये प्रशिक्षणासाठी आलेल्या पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून घेतलं जातं. पण काशीबाईंसारख्या थोड्याच. कारण सरळ होतं. परक्या माणसाचं मलमूत्र, रक्त, पू हाताळायचा, परपुरुषाला स्पर्श करायचा, रात्रपाळी करायची. सोवळ्या-ओवळ्यात जखडलेल्या घरांना यातलं काहीच चालण्यासारखं नव्हतं. त्यामुळे सुरुवातीची बरीच दशकं या कामात ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन मुली जास्त दिसतात. मिशन रुग्णालयांचा, आपल्याकडे मिरजेसारख्या ठिकाणांचा, यात मोठा वाटा होता.

रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन काढलं आणि ससून रुग्णालयाशी जोडून नर्सिंगचे वर्ग चालवले. तिथे येणाऱ्यांमध्ये विधवा होत्या. ज्यांना घरात जागा नव्हती त्यांना या व्यवसायानं पगार आणि डोक्यावर छप्पर दिलं. मराठी मध्यमवर्गाला नर्सिंग ‘चालेल’ वाटायला लागलं ते या वाटेनं, म्हणजे तत्त्वापेक्षा गरजेतून.

तरी स्वातंत्र्याच्या तोंडावर काय स्थिती होती, ते देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करायला सरकारनं नेमलेल्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात आहे. साधारण ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० लोकांमागे एक नर्स. हे वाचताना गंमत लक्षात घ्या: डॉक्टरांपेक्षा नर्स कमी! रुग्णालय चालवायला प्रमाण याच्या उलटं लागतं. त्याच वर्षी दिल्लीत आणि वेल्लोरला नर्सिंगचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला आणि १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा आला.

सरकत जाणारी रेष

डॉक्टरचं काम कुठे संपतं आणि नर्सचं कुठे सुरू होतं, ही रेष कुणी दगडात कोरलेली नाही. ती सतत सरकत आली आहे आणि या व्यवसायातला बदल समजून घ्यायला तीच धरून चालावं.

१८६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ताप मोजायचा थर्मामीटर जवळपास फूटभर लांब होता आणि आकडा स्थिरावायला वीसेक मिनिटं लागत. थॉमस ऑलबट या इंग्रज डॉक्टरनं सहा इंचांचा, पाच मिनिटांत काम करणारा थर्मामीटर आणला आणि हळूहळू ताप पाहणं नर्सकडे आलं. रक्तदाबाचा पट्टा १८९६ मधला, स्टेथोस्कोपनं आवाज ऐकून वरचा-खालचा आकडा काढायची रीत १९०५ ची. तेही सुरुवातीला डॉक्टरांचं हत्यार होतं. शिरेत सुई घालणं आपल्याकडच्या कितीतरी रुग्णालयांत आज नर्सच करतात.

दुसऱ्या बाजूनं कामं निघूनही गेली. काचेच्या सिरिंज उकळणं, बोथट सुया दगडावर घासून धार लावणं, मग कापसातून ओढून टोकाला खरवड राहिली नाही ना हे बघणं, गॉज कापून घड्या घालणं, ड्रम भरून निर्जंतुक करायला पाठवणं. पूर्वीच्या शिकाऊ नर्सची दुपार यातच जायची. एकदा वापरून फेकायच्या सुया आल्या आणि हे सगळं थांबलं. त्या जागी आता व्हेंटिलेटरचे अलार्म, इन्फ्यूजन पंप आणि नोंदींचे रकाने आले. रकान्यांबद्दल बहुतेक नर्सची तक्रार असते आणि ती खोटी नाही.

ही रेष जागेप्रमाणेही बदलते. जर्मनीत रुग्णाला अंघोळ घालणं, भरवणं हे प्रशिक्षित नर्सचं मूळ काम मानलं जातं, शिरेत सुई घालणं मात्र पुष्कळदा डॉक्टर करतात. आपल्याकडे उलट: अंघोळ आणि भरवणं नातेवाईक किंवा मावशींकडे, सुई नर्सकडे. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. तिकडे जाणाऱ्यांना भाषेइतकाच हा फरक जड जातो.

पाठ चोळायची की नाही?

आता एकच गोष्ट जवळून पाहू, कारण ‘सेवा’ आणि ‘शास्त्र’ यांतला फरक तिथे दिसतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला होणारी जखम म्हणजे बेडसोअर. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, रक्त पोहोचत नाही आणि आतून मांस मरू लागतं. माकडहाड, टाचा, खुबे, डोक्याची मागची बाजू या ठरलेल्या जागा.

पूर्वी नर्सिंगच्या वर्गात ‘बॅक केअर’ शिकवत: स्पिरिट लावायचं, पावडर टाकायची, लाल झालेली जागा चांगली चोळायची. रबराचं हवा भरलेलं कडं कमरेखाली द्यायचं. आज यातल्या दोन्ही गोष्टी करू नका म्हणून सांगतात. लाल जागेखालच्या पेशी आधीच मरणाला टेकलेल्या असतात, चोळल्यानं त्या फाटतात. कड्याच्या काठावर दाब एकवटतो आणि मधल्या भागाचा रक्तपुरवठा उलट कमी होतो.

मग काय करायचं? दर दोन तासांनी कूस बदलायची आणि वेळ लिहायची. सरळ ९० अंशांत कुशीवर न ठेवता पाठीमागे उशी देऊन साधारण ३० अंशांत कलतं ठेवायचं, म्हणजे खुब्यावर सगळा भार येत नाही. पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी. रुग्णाला ओढायचं नाही, चादरीसकट उचलायचं. लालसर जागा दिसली तर बोटानं दाबून सोडायची: पांढरी होऊन परत लाल झाली तर वेळ आहे, लालच राहिली तर जखम सुरू झाली. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हात लावून जागा आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा लिबलिबीत लागते का ते पाहायचं. ही शेवटची गोष्ट गोऱ्या कातडीवर लिहिलेल्या पुस्तकांत फार उशिरा आली.

केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ मध्ये तिथेच हल्ला झाला. २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत, ४१ वर्षांहून जास्त काळ, त्यांच्या सहकारी परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली आणि इतक्या वर्षांत बेडसोअर होऊ दिला नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०११ च्या निकालात या परिचारिकांचं मुद्दाम कौतुक केलं. दर दोन तासांचा हिशोब चार दशकांना लावून पाहिला की ते कौतुक किती वजनाचं आहे ते कळतं.

‘सेवाभाव असला की झालं, डिग्री कशाला?’

हा आक्षेप घरोघरी ऐकू येतो. सेवाभाव लागतोच. पण तो आकडे वाचत नाही.

कृषी अधिकारी महिन्यातून एकदा शेतावर येतात, रोज बांधावर जातो तो शेतकरी. पानाचा रंग बदलला हे पहिल्यांदा त्यालाच दिसतं. वॉर्डातही डॉक्टरांचा राउंड काही मिनिटांचा आणि नर्सची पाळी आठ तासांची. रुग्ण बिघडू लागतो तेव्हा सहसा पहिल्यांदा श्वास वाढतो. रक्तदाब नंतर पडतो. निरोगी माणसाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २०. ब्रिटनमधल्या रुग्णालयांत वापरतात त्या धोका-गुणांकाच्या तक्त्यात श्वास २५ किंवा जास्त झाला की एकट्या त्याचेच तीन गुण, आणि नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, ताप, शुद्ध मिळून बेरीज सात झाली की तातडीनं वरिष्ठ पथक बोलवायचं. गंमत अशी की सगळ्यात आधी इशारा देणारा हा आकडाच सगळ्यात जास्त वेळा न मोजता लिहिला जातो. कुठल्याही वॉर्डाचे चार्ट काढा, ओळीनं सगळे रुग्ण १८ नाहीतर २० श्वास घेताना सापडतील. कारण तो मोजायला पूर्ण एक मिनिट उभं राहावं लागतं आणि चाळीस रुग्ण असले तर चाळीस मिनिटं.

शिक्षणाचा आणि संख्येचा परिणाम मोजला गेला आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नर्समागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णाची ३० दिवसांत दगावण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांत तेवढाच आकडा आला, आणि पदवीधर नर्सचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असलं की मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी कमी दिसली. हे निरीक्षणावर आधारलेले अभ्यास आहेत, प्रयोग नव्हेत. पण वेगवेगळ्या देशांत तोच कल दिसावा, हे झटकून टाकण्यासारखं नाही.

‘मग उद्या नर्सच औषध लिहिणार का?’

काही देशांत लिहितात. अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम १९६५ मध्ये कोलोरॅडोत सुरू झाला. ब्रिटनमध्ये जास्तीचं प्रशिक्षण घेतलेल्या नर्सना २००६ पासून जवळपास सगळी औषधं लिहिता येतात. आपल्याकडे अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, पण शिकून बाहेर पडल्यावर स्वतंत्र अधिकार काय, याचं उत्तर बहुतेक ठिकाणी ‘रुग्णालय ठरवेल ते’ असंच मिळतं.

आणि गंमत म्हणजे गावाकडे ही रेष केव्हाच ओलांडली आहे. उपकेंद्रातली नर्सबाई, म्हणजे एएनएम, बाळंतपणात बाळ बाहेर येताच एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनचे १० युनिट मांडीत देते, त्यानं गर्भाशय आकुंचन पावतं आणि रक्तस्राव आटोक्यात राहतो. बाळंतिणीला झटके आले तर पुढे पाठवण्याआधी मॅगसल्फ या झटके थांबवणाऱ्या औषधाचा पहिला डोस देण्याची मुभा तिला सरकारनंच दिली आहे. डॉक्टर तीस किलोमीटरवर असताना ‘विचारून सांगते’ म्हणायची सोय नसते.

एका खुर्चीमागे किती माणसं?

भरतीच्या बातम्या वाचताना हे गणित हाताशी असू द्या. वॉर्डात चोवीस तास एक नर्स हवी, तर आठवड्याचे १६८ तास भरायचे. एक नर्स आठ तासांच्या सहा पाळ्या करते, म्हणजे ४८ तास. म्हणजे साडेतीन माणसं लागली. सुट्ट्या, आजारपण, बाळंतपणाच्या रजा यांसाठी परिचर्या परिषदेच्या निकषांत ३० टक्के जादा धरतात. म्हणजे एका खुर्चीमागे साडेचार माणसं. तीस खाटांच्या वॉर्डात प्रत्येक पाळीला सहा रुग्णांमागे एक नर्स ठेवायची म्हटलं, तर पाच खुर्च्या, म्हणजे साधारण २३ नर्स, एकट्या त्या वॉर्डासाठी. रात्री तिथे दोघीच दिसल्या तर कामचुकारपणा शोधण्याआधी हा भागाकार करून पाहावा.

नवा कायदा काय करतो?

२०२३ च्या कायद्यानं १९४७ च्या परिषदेच्या जागी राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका (म्हणजे मिडवाइफ) आयोगाची तरतूद केली आहे. शिक्षण, संस्थांची तपासणी आणि मानांकन, नीतिमत्ता आणि नोंदणी अशी तीन मंडळं, राज्याराज्यांत आयोग, आणि देशभराची एक नोंदवही. बारावीनंतर तीन वर्षांचं जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग आणि दोन वर्षांचं एएनएम, या सगळ्या वाटांचा दर्जा एका छत्राखाली यावा हा हेतू. प्रवेश घेणाऱ्या मुलींनी आणि मुलांनी कॉलेजला मान्यता आहे का आणि त्याला जोडलेलं रुग्णालय खरोखर भरलेलं आहे का, हे दोन्ही बघावं. रिकाम्या खाटांवर हात बसत नाही.

एका नर्सकडे किती रुग्ण, हे मात्र हा कायदा ठरवत नाही. कॅलिफोर्नियानं १९९९ मध्ये त्यासाठीच कायदा केला आणि २००४ पासून तो लागू केला. आपल्याकडे ते ठरतं रुग्णालयाच्या मंजूर आकृतिबंधात, म्हणजे किती पदं हवीत याच्या सरकारी आराखड्यात, त्यातली किती पदं भरली यात, आणि भरतीच्या जाहिरातीत ‘कायम’ लिहिलंय की ‘११ महिन्यांसाठी’ यात.